टाकलेला आस

दशरथाच्या रथाची गोष्ट आपण लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेली असते. ऐन युद्धात रथाचा आस मोडला, कैकेयीने त्या जागी आपला हात घालून रथ सावरला, आणि त्याच उपकारापोटी राजाने तिला दोन वर दिले. वाल्मीकीच्या रामायणात हा हात सापडत नाही. तिथे कैकेयी बेशुद्ध राजाला रणांगणाबाहेर घेऊन जाते, एवढेच. हाताची कथा मागाहूनच्या रामायणांतून आणि लोककथांतून आली. कुणी आस मोडला म्हणतो, कुणी आसाची कुणी निसटली म्हणतो. ते काही असो. ही कथा ज्याने रचली त्याला गाडीचे वर्म नेमके ठाऊक होते, यात शंका नाही. घोडा पडला तर दुसरा जुंपता येतो, ध्वज पडला तर उचलता येतो. पण आस गेला की रथ म्हणजे नुसती लाकडे!

आपल्या ‘आस’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘अक्ष’ हे आहे. लॅटिनमधला ‘ॲक्सिस’ आणि इंग्रजीतला ‘ॲक्सल’ ही त्याचीच भावंडे. इतका हा अवयव जुना आणि इतका सगळ्यांच्या घरचा. अशा या आसाला विसाव्या शतकात मोटारीच्या पुढच्या अंगातून टप्प्याटप्प्याने निरोप देण्यात आला. आणि गंमत अशी, की निरोप पुरता होतो न होतो तोच काही लोक पदरचे पैसे मोजून, धडधाकट गाडीचे पोट कापून, तोच आस पुन्हा बसवून घेऊ लागले. अमेरिकेत तर त्यासाठी लागणारी सामग्री पेटीत बांधून विकत मिळते. तिला तिकडे ‘सॉलिड ॲक्सल किट’ म्हणतात. ही पेटी निवडायची कशी, हा प्रश्न वरवर पाहता लोहाराचा आणि गॅरेजवाल्याचा. परंतु त्या निवडीत मोटारीचा शंभर वर्षांचा इतिहास दडलेला आहे, आणि ती निवड चुकली तर गाडीबरोबर माणसेही संकटात येतात. म्हणून ही कथा मुळापासून सांगितली पाहिजे.

ज्याने बैलगाडीतून प्रवास केला आहे त्याला आसाचा स्वभाव समजावून सांगावा लागत नाही. एक चाक धोंड्यावर चढले की सगळी गाडी कलते. दुसऱ्या चाकाने काही केलेले नसताना त्यालाही वाकावे लागते. दोन चाके एकाच आसाला बांधलेली, म्हणून एकाचे सुखदुःख दुसऱ्याला चुकत नाही. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबासारखाच हा प्रकार. त्यात जाच आहे, तसा आधारही आहे.

चार चाकांच्या घोडागाडीत पुढचा आस वळणावर सबंध फिरवावा लागे. म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्सपेर्गर या गाडी बनवणाऱ्याने यावर तोड काढली: आस जागच्या जागी ठेवायचा आणि त्याच्या टोकांना खिळीवर फक्त चाके वळवायची. त्याच्या वतीने रुडॉल्फ आकरमान याने १८१८ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतले. युक्ती एकाची आणि नाव दुसऱ्याचे, असा जगाचा न्यायच आहे. ही रचना आजही आकरमानच्याच नावाने ओळखली जाते. पुढे मोटार आली तेव्हा तिने घोडागाडीचा हा पुढचा आस आणि त्याखालच्या पोलादी पाट्यांच्या कमानी जशाच्या तशा उचलल्या.

घोडा धावत होता तोवर सारे ठीक होते. मोटारीचा वेग वाढला, १९२०नंतर पुढच्या चाकांनाही ब्रेक आले, टायर फुगीर आणि मऊ झाले, आणि एक नवेच दुखणे उपटले. ठराविक वेगाला गाडी पोचली की पुढची दोन्ही चाके थरथरा कापू लागत आणि चालकाच्या हातातले चक्र हिसके देई. फिरता भोवरा बोटाने कलवून पाहा. तो ज्या दिशेने ढकलावा त्या दिशेने न जाता भलतीकडेच वळतो. फिरते चाकही भोवराच. एक चाक खाचेत गेले की आस कलतो, आस कलला की दोन्ही भोवरे वळू पाहतात, आणि एकाची थरथर आसावाटे दुसऱ्याला लागते.

उपाय उघड होता: चाकांची वाटणी करून द्यायची! प्रत्येक चाकाला आपापला दांडा, आपापली स्प्रिंग; एकाने उडी मारली तर दुसऱ्याला खबरही लागू नये. इटलीच्या लान्सिया कंपनीने १९२२ साली आपल्या ‘लाम्ब्डा’ मोटारीत पुढची चाके अशी स्वतंत्र केली. १९३१ साली मर्सिडीझने केली. आणि रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत गेलेल्या मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनिअरच्या खटपटीने जनरल मोटर्सच्या १९३४च्या गाड्या ‘नी-ॲक्शन’, म्हणजे गुडघ्यासारखी वाकणारी चाके, असे नाव मिरवत बाजारात आल्या. डांबरी रस्त्यावर हे सुख ज्याने एकदा चाखले तो पुन्हा अखंड आसाकडे वळून पाहीना. याला स्वतंत्र सस्पेन्शन म्हणतात.

परंतु डांबरी रस्ता सर्वांच्या नशिबी नसतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात क्लिंटनव्हिल नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथल्या ऑटो झॅको आणि विल्यम बेसर्डिक या दोघांनी १९०८च्या सुमारास पुढची चाके वळतीही राहतील आणि इंजिनाच्या जोराने फिरतीही राहतील, असा सांधा बनवला. चिखलात रुतलेल्या गाडीला मागून ढकलणारे दोनच पाय होते, ते आता चार झाले. पहिल्या महायुद्धात त्यांच्या कंपनीचे ट्रक आघाडीवर राबले.

इथे एक खुलासा करायला हवा. ‘अखंड’ आस म्हणजे भरीव लोखंडी दांडा नव्हे. ती पोलादाची एक जाड नळी असते. मध्ये डिफरन्शियलचा गोळा, नळीतून दोन्ही बाजूंना जाणारे फिरते दांडे आणि टोकाशी वळते सांधे. सारी नाजूक अंगे एका चिलखतात, आणि ते चिलखत चाकापासून चाकापर्यंत सलग.

हेच चिलखत जीपला मिळाले. १९४० साली अमेरिकन लष्कराने हलक्या गाडीची मागणी केली आणि नमुना देण्यासाठी अवघ्या ४९ दिवसांची मुदत घातली. पेनसिल्व्हेनियातल्या बॅन्टम या छोट्या कंपनीने २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी, नमुना हजर केला. मोठी कामे मात्र विलिस आणि फोर्ड यांच्याकडे गेली, आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर पडल्या. पुढे आस अखंड, मागेही अखंड, खाली पाट्यांच्या कमानी. बसणाऱ्याची हाडे खिळखिळी झाली, पण गाडी अडली नाही.

आपल्या देशातही ती आली आणि राहिली. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलिस जीप जुळवायला सुरवात केली. पुढची कित्येक वर्षे तालुक्याच्या गावी सरकार म्हणजे जीप आणि निवडणूक म्हणजे जीप, असेच समीकरण होते. सह्याद्रीच्या आडवाटांवर जीपच्या मागच्या बाकावर ज्यांनी डोके आपटून घेतले आहे, त्यांना अखंड आसाची ओळख निराळी करून द्यायला नको.

आता किटकडे वळू. ‘गाडी एका कारखान्याची आणि आस दुसऱ्याचा’ ही कल्पनाही जुनीच आहे. इंडियानापोलिसची मार्मन-हेरिंग्टन कंपनी १९३५पासून फोर्डचे साधे ट्रक घेऊन त्यांना चारही चाकांचा जोर देऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर मिनियापोलिसच्या ‘नॅप्को’ कंपनीने तर पुढचा आस, ट्रान्स्फर केस, दांडे असे सारे सामान संच म्हणून विकायला काढले. शेतकऱ्याने आपला शेव्हरोले किंवा जीएमसी ट्रक न्यावा आणि चार चाकांनी ओढणारा करून आणावा. ही युक्ती इतकी रुजली, की १९५७पासून शेव्हरोलेने आपल्याच कारखान्यात नॅप्कोची सामग्री बसवून ट्रक विकले. त्या काळचा गिऱ्हाईक गाडीला नसलेले बळ विकत घेत होता. आजचा गिऱ्हाईक गाडीचे काढून घेतलेले बळ परत घेतो. फरक आहे तो एवढाच, पण तो मोठा आहे.

काढून कोणी घेतले? कोणीच नाही, काळाने घेतले म्हणा. १९७९ साली टोयोटाचा चारचाकी जोराचा लहान ट्रक अमेरिकेत आला, तो पुढे अखंड आस आणि पाट्यांच्या कमानी घेऊनच. ‘बॅक टू द फ्यूचर’ हा १९८५चा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्यातल्या पोराने हौसेने पाहिलेला काळा टोयोटा ट्रक आठवत असेल. तो याच जातीचा, आणि त्या जातीचा अखेरचाच म्हणायचा. कारण १९८६च्या गाड्यांपासून टोयोटाने पुढची चाके स्वतंत्र केली. शेव्हरोलेच्या मोठ्या ट्रकांनी १९८८मध्ये तेच केले. यात कारखान्यांची चूक नव्हती. ट्रक आता शेतावरून उठून घरापुढे उभा राहू लागला होता; त्यातून मुले शाळेत जात होती, बायका बाजारहाट करीत होत्या. त्यांना हाडे खिळखिळी करून घ्यायची नव्हती.

पण कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या डोंगरात रुबिकॉन नावाची एक वाट आहे. वाट कसली, घरांएवढ्या धोंड्यांचा तो ओढाच! १९५३पासून तिथे जीपवाल्यांचा वार्षिक मेळा भरतो. अशा जागी स्वतंत्र चाकांचे वैगुण्य उघडे पडते. अखंड आसाचे एक चाक धोंड्यावर चढले की तोच आस तरफेसारखा दुसऱ्या चाकाला खाली, जमिनीकडे दाबतो. चारही पाय भुईला टेकून राहतात. स्वतंत्र चाकाला शेजाऱ्याची अशी मदत मिळत नाही. ते हवेत लोंबकळत राहते. शिवाय मोठे टायर बसावेत म्हणून गाडी उंच केली, की स्वतंत्र चाकांचे दांडे तिरके होतात आणि त्यांचे सांधे तुटतात. म्हणून रुबिकॉनवाल्यांनी भंगारबाजार धुंडाळले, १९८५पर्यंतच्या ट्रकांचे टाकलेले आस शोधून काढले आणि ते नव्या ट्रकांखाली बसवायला घेतले. त्यांच्या गरजेतून किट विकणारी दुकाने उभी राहिली.

समजा, १९८६ ते १९९५ या काळातला टोयोटाचा ट्रक आहे आणि त्याच्या धन्याला अशी पेटी निवडायची आहे. त्याने काय पाहावे?

पेटी उघडली की पहिला धक्का बसतो: तिच्यात बहुधा आसच नसतो! असतात ते कमानी अडकवायचे कान, झोके, कमानी, यू-बोल्ट, स्टिअरिंगचे दांडे, शॉक ॲब्सॉर्बरचे खांब, ब्रेकच्या लांब नळ्या. आस ज्याचा त्याने आणायचा. तेव्हा पहिली निवड पेटीची नसून आसाची. टोयोटाचाच जुना आस घेतला तर तो हलका आणि चिवट. त्याच्या डिफरन्शियलमधले मोठे दातेरी चक्र ८ इंचांचे, म्हणजे काढून टाकायच्या स्वतंत्र रचनेतल्या साडेसात इंची चक्राहून थोरच. पण त्याची रुंदी नव्या ट्रकाच्या मागच्या आसाहून सुमारे तीन इंचांनी कमी भरते, ती उणीव भरून काढावी लागते. मोठे टायर घातले तर त्याच्या टोकाचे सांधे हे त्याचे मर्मस्थान. त्याहून बळकट हवा तर अमेरिकन ट्रकांखालचा ‘डाना ४४’. आणि राक्षसी टायर घालायचे तर ‘डाना ६०’. पण बळाबरोबर वजन येते, आणि कमानीच्या खालचे वजन गाडीला पायात बेडी घातल्यासारखे असते. आणखी दोन गोष्टी विसरून चालत नाहीत. डिफरन्शियलचा गोळा ज्या बाजूला आहे त्याच बाजूला ट्रान्स्फर केसचा दांडा निघाला पाहिजे. आणि पुढच्या-मागच्या गिअरचे प्रमाण एकच पाहिजे, नाही तर दोन बैल दोन चालींनी चालायचे.

दुसरी निवड कमानींची. पाट्याची कमान गाडीचा भारही पेलते आणि आसाला जागेवरही धरते. एका अंगात दोन कामे, म्हणून सामान कमी आणि जुळणी सोपी. गोल स्प्रिंग फक्त भार पेलते. आसाला धरायला लांब दांडे लागतात आणि तो डावीउजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा लागतो. चाल मऊ, पण आकडेमोड कठीण. ज्याचे हे पहिलेच काम आहे त्याने पाट्याची वाट धरावी हे शहाणपणाचे.

तिसरी निवड स्टिअरिंगची, आणि जीव जर कशात गुंतला असेल तर तो हिच्यात. टोयोटाच्या जुन्या रचनेत स्टिअरिंगचा दांडा पुढे-मागे ढकलतो. लांब कमानी झोका घेऊ लागल्या की आस पुढे-मागे सरकतो आणि चालकाने हात न हलवताही चाके वळतात. म्हणून दांडा आडवा, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे नेणारी रचना ज्या संचात आहे तो संच बरा. गोल स्प्रिंग घेतली असेल तर हा दांडा आणि आसाचा आडवा दांडा समांतर असलेच पाहिजेत. तसेच सायकलचा पुढचा चिमटा थोडा तिरका असतो म्हणून हात सोडले तरी ती सरळ धावते. तोच तिरकेपणा ट्रकाच्या वळत्या खिळीलाही हवा. गाडी फार उंच केली की पुढच्या दांड्याचा कोन साधण्यासाठी लोक आस वर फिरवतात, तिरकेपणा जातो आणि गाडी रस्त्यावर भरकटते. म्हणून ज्या संचात उंची कमी आणि कोनांचा हिशेब चोख, तो घ्यावा. मोठी उंची फोटोत शोभते. वळणावर ती नडते.

आणि या सगळ्याच्या आधीचा प्रश्न: हे करायचे की नाही? नॅप्कोच्या संचाने गाडीत भर पडत होती. या संचात आधी चेसिसवरचे स्वतंत्र चाकांचे कान आणि आधार गॅसच्या ज्योतीने कापून टाकावे लागतात. एकदा ज्योत लागली की माघार नाही. तिथे नवे कान वेल्डिंगने जोडायचे, आणि मग त्या सांध्यांवर विसंबून त्याच गाडीने रस्त्यावरून वेगाने जायचे, बायकामुलांना घेऊन. कच्चा सांधा धोंड्यांत सुटला तर चालत घरी येता येते. रस्त्यावर सुटला तर येता येईलच असे नाही. म्हणून वर्षाकाठी धोंड्यांचे दिवस किती आणि रस्त्याचे किती, हा हिशेब प्रथम वहीत मांडावा. रस्त्याचे दिवस फार असतील तर कारखान्याने दिलेली चाके तशीच ठेवण्यात कमीपणा नाही. मेक्सिकोतल्या बाहाच्या वाळवंटात १९६७पासून जी भयंकर शर्यत होते, तिच्यात धावणारे बलाढ्य ट्रक पुढे स्वतंत्र चाकेच वापरतात आणि मागे अखंड आस. वेगाने उडायचे असेल तर वाटणी बरी. सावकाश चढायचे असेल तर एकत्र कुटुंब बरे.

कारखान्यांचा इतिहासही हेच सांगतो. फोर्डने आपल्या जड ट्रकांना १९९९च्या मालिकेत पुन्हा पुढचा अखंड आस दिला. १९४८पासून चालत आलेल्या लँड रोव्हरचा वंश २०१६ साली थांबला, आणि २०२० साली आलेला नवा डिफेंडर चारही चाके स्वतंत्र घेऊन आला. तर लगेच २०२२मध्ये ‘ग्रेनेडियर’ ही नवीच गाडी दोन अखंड आसांवर उभी राहिली. आपल्याकडे १९८५ सालच्या मारुतीच्या जिप्सीला अखंड आस होते. महिंद्रांची ‘थार’ २०१०मध्ये आली तेव्हा तिच्या एका प्रकारात पुढे स्वतंत्र चाके होती आणि दुसऱ्यात जुनाच आस. त्यातली पहिली घेऊन तिला दुसरीचा आस लावणारे हौशी लोकही निघाले. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की आपल्या १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम कारखान्याने दिलेल्या मूळ घडणीत मनमानी फेरफार करू देत नाही.

तेव्हा जुने ते सोने असे म्हणून हा आस परत आलेला नाही, आणि नवे ते सारे पोकळ असेही सिद्ध झालेले नाही. प्रत्येक रचना एका खऱ्या दुखण्यावरचे औषध म्हणून जन्मली. ज्याला ते दुखणे आहे त्याने ते औषध घ्यावे. शेजाऱ्याने घेतले म्हणून घेऊ नये. नव्या टोयोटाखाली जुना आस बसवणारा माणूस भूतकाळात परत जात नसतो. त्याची वाटच अशी असते, की तिथे दोन चाकांनी एकमेकांचा भार वाहावा लागतो.

कैकेयीने हात घातला तो एका क्षणाची गरज ओळखून. पण त्या क्षणी दिलेल्या शब्दाची किंमत अयोध्येला चौदा वर्षे मोजावी लागली. आसाच्या बाबतीत घाईने केलेला निर्णय असाच दूरवर पुरतो. ज्योत पेटवण्यापूर्वी वही उघडावी, ती एवढ्याचसाठी.